सेल माहेरी ठेवणारी कुशाआक्का

कुशाआक्कानं माझा धंदा निम्म्यावर आणला, हे आधी सांगून टाकतो. न्हायतर पुढं मी तिचं गुण गायला लागलो की तुमी म्हणाल, ह्या लियाकतला बाईनं चहा पाजून फितवलंय. चहा तिनं मला कधी पाजला न्हाय. उलट माझ्याच दुकानात बसून माझाच चहा प्यायची आन् वर म्हणायची, "गिऱ्हाईकाला गप बसून लुटलंस, म्हणून तुझा चहा जरा कडूच लागतोय रं."

निमगाव केतकीच्या स्टँडवरनं बाजारतळाकडं जाताना डाव्या हाताला माझं दुकान. घड्याळं, रेडिओ, रिमोट, इस्त्री, मिक्सर, जे बिघडंल ते. तीस वर्षं ह्याच खुर्चीत बसलोय. धंद्यातलं एक गुपित सांगतो. माझ्याकडं येणाऱ्या दहा वस्तूंतल्या चार तरी बिघडलेल्याच नसायच्या. आत सेल फुटलेला असायचा, बास. वरीसभर कपाटात पडलेलं बीपीचं मशीन, माळ्यावरचा ट्रान्झिस्टर, नातवंडांचं खेळणं, पावसाळा सरल्यावर ट्रंकंत टाकलेली बॅटरी. आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणत्यात आन् तिच्यात जे घालत्यात त्याला सेल. हे ध्यानात असू द्या, ह्या एका शब्दापायी एक माणूस मरता मरता वाचलाय. तर सेल आतल्या आत पाघळतो, त्याची खार पत्र्याला खाती आन् वस्तू बंद पडती. मी घासून द्यायचो, गिऱ्हाईक खूश. पण "सेल काढून ठेवत जावा" असं मी कुणाला सांगितलं न्हाय. का सांगावं? मी दुकान मांडलंय, शाळा न्हाय.

कुशाआक्का म्हणजे आमच्या हिंदुराव आबांची मालकीण. आबा साखर कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर हुते. सगळा जन्म साखरंत गेला आन् रिटायर झाल्यावर साखरंनंच धरलं, असं ते सवताच हसून सांगायचे. सकाळ-संध्याकाळ पोटात इन्शुलिनची सुई. ती आक्का द्यायची, आन् आबा भिंतीकडं तोंड करून, डोळं मिटून बसायचे. धडधडत्या मशिनीत हात घालणारा माणूस, पण सवताच्या अंगाचं काय म्हणून ठाऊक न्हाय. गोळी कुठली, कवा, किती, कुणी इचारलं तर एकच उत्तर. "ती हाय की."

आणि ती हुतीच. आक्का चौथी शिकलेली, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बाजारात मेथी विकायला बसली तर पलीकडच्या वळीतली माणसं मान वळवायची. एकदा मनात आलं की कुणाच्या बापाला ऐकायची न्हाय.

लेक राजलक्ष्मी बारामतीजवळ जळोचीला दिलीया. तिची पोरगी संस्कृती कॉलेजात शिकती. त्या नातीनं आज्ज्याला साखर तपासायचं मशीन आणून दिलं. बोटाला टोचायचं, रगताचा थेंब लावायचा, काचंवर आकडा येतो. आत दोन बारीक सेल. जाताना पोरीनं आज्जीला बजावलं, "आज्जी, हे सारखं लागणार नाही. वापरत नसशील तेव्हा बॅटरी काढून ठेवत जा."

आक्कानं ऐकलं. ट्रंकंतली बॅटरी काढली, पदरानं पुसली आन् फळीवर मशीनच्या शेजारी उभी करून ठेवली. तिला वाटलं, लाईट गेली तर आज्ज्याचं बोट दिसाय पायजे म्हणून पोरगी सांगती. केवढी शहाणी नात, म्हणून शेजारच्या ठमाबाईला कौतुक पण सांगून आली. सहा म्हैनं बॅटरी फळीवर उभी, आन् मशीनमधलं सेल मशीनमधीच.

आता ह्यात माझा हात कुठं हुता ते ऐका. मधी एकदा काचंवरचा आकडा फिका दिसतोय म्हणून आक्का मशीन घेऊन दुकानात आली. मी दोन्ही सेल तपासलं. एक मेलेला, एक जिता. मी मेलेला काढला, त्या जागी दुसऱ्या कंपनीचा नवा घातला आन् जुना तसाच ठेवला. वर छाती फुगवून म्हणलो, "आक्का, दोन कशाला घेताय? एकात काम हुतंय." मला वाटलं, केवढा इमानदार मी! अन् खरं तर धंद्यात पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट ती. नवा आन् जुना एकत्र घालायचा न्हाय. नवा जोर लावतो, जुना त्याच्या ओढीनं पार रिकामा हुतो आन् फुटतो. ठाऊक असून केलं. आळस म्हणा, सवय म्हणा. सगळं गावच तसं करतंय.

त्यानंतरचा उन्हाळा. दुपारचं साडेबारा वाजलं असतील. आबा अंगणातनं आत आले, घामानं डबडबलेले, अन् असंबद्ध बोलाय लागले. आक्काला कधी म्हणाले कारखान्याचा भोंगा झाला, कधी म्हणाले माझी छत्री कुठाय. तिनं मशीन काढलं, बटण दाबलं. काच काळी ती काळीच. बुक्की मारली, झटकलं, काय न्हाय. तवर ठमाबाई पळत आली. तिनं आबांकडं बघितलं आन् म्हणली, "माझ्या दिराला असंच झालं हुतं, साखर वाढली हुती. सुई दे लगीच."

साखरेच्या माणसाची साखर वाढतीच, कमी बी हुती हे आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आक्कानं सुई दिली. आपल्या हातानं. धा मिंटात आबा खाली कोसळले.

आरडाओरडा ऐकून मी दुकानातनं पळत गेलो. शेजाऱ्याच्या गाडीत घालून बारामतीला नेलं तवा आबांचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. माणूस निम्मा थंड. मी नुसतं या अल्ला, या अल्ला करत हुतो. पुढच्या सीटवर आक्का बंद मशीनचं बटण सारखं दाबत बसलेली. दवाखान्यात डॉक्टरांनी आकडा सांगितला, एकतीस. साखर वाढली नव्हती, पार तळाला गेली हुती, आन् त्यात वरनं सुई. "सुई कुणी दिली?" डॉक्टरांनी इचारलं.

"मी," आक्का म्हणली.

तिसऱ्या दिवशी आबांनी डोळं उघडलं. डॉक्टर आक्काला भाईर बोलावून सरळ बोलले, "मावशी, आता जपा. असं परत होणार. आधी तपासायचं, मगच साखर का सुई ते ठरवायचं. मशीन बंद असलं आणि पुन्हा अंदाजानं काही केलं, तर ते परत येतीलच असं मी सांगू शकत नाही."

तेवढ्यात संस्कृती रडत रडत म्हणली, "आज्जी, तुला किती वेळा सांगितलं होतं, बॅटरी काढून ठेव म्हणून!"

"काढून ठेवलीया की गं!" आक्का उसळली. "मशीनशेजारीच उभी हाय फळीवर! इचार ठमाबाईला!"

संस्कृतीनं डोळं पुसलं. मग हळूच म्हणली, "आज्जी, बॅटरी म्हणजे आतले सेल."

आक्का मटकन बाकावर बसली. मला वाटलं आता रडंल. रडली न्हाय. नातीकडं बघून म्हणली, "मग सेल म्हणायला तुझी जीभ झिजत हुती व्हय?"

आबा घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात. मी अजून शटर पुरतं वर केलं नव्हतं. तिनं मशीन काउंटरवर आपटलं. "उघड."

मागचं झाकण काढलं. आत पांढरी भुकटी फुललेली, स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. आन् मधी माझं दोन सेल, एक लाल, एक निळा. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मान वर करायची हिंमत हुईना.

"हे का झालं?" आक्कानं इचारलं.

"सेल फुटला," मी म्हणलो.

"ते दिसतंय. का फुटला? आन् परत फुटू न्हाय म्हणून काय करायचं? सगळं सांग. काय बी गाळू नकोस. मी बसलीया."

आन् ती खरंच बसली. त्या दिवसापास्नं म्हैनाभर, मेथीच्या जुड्या संपल्या की रोज. मी बी शिकवलं, जीव तोडून शिकवलं. पांढरी खार आली असंल तर कापसाच्या बोळ्याला लिंबाचा एक थेंब लावून पुसायची. तांबूस, चिकट पाणी सुटलं असंल तर खायचा सोडा. दोन्हीला हातात प्लॅस्टिकची पिशवी घालूनच हात लावायचा, डोळ्याला बोट न्यायचं न्हाय, मग कोरडं करून एक दिवस उघडं ठेवायचं. सेल बदलायचं तर सगळं एकदम, एकाच कंपनीचं. बदलल्याची तारीख कागदावर लिहून चिकटवायची. जी वस्तू म्हैनाभर लागणार न्हाय तिच्यातनं सेल काढायचाच. काढलेला सेल फ्रिजवर, चुलीजवळ, पत्र्याखाली ठेवायचा न्हाय, सावलीत ठेवायचा. नाण्यांच्या अन् किल्ल्यांच्या डब्यात तर अजिबात न्हाय.

"आन् उन्हात?" तिनं इचारलं. आमच्याकडं सेल उतरला की पत्र्यावर उन्हात टाकत्यात, परत जोर येतो म्हणून. कुणी कुणी दातानं चावत्यात सुद्धा.

"उन्हात टाकला की लवकर फुटतो," मी म्हणलो.

"म्हणजे आमी आजवर पापड वाळवल्यासारखं वाळवत हुतो त्यो सगळा गाढवपणाच."

मशीन मी दुरुस्त केलं. खाल्लेल्या स्प्रिंगा काढून दुसऱ्या लावल्या. एक पैसा घेतला न्हाय. पण आतनं मला ते पोखरत हुतं. घरी सायराबानूला, माझ्या बायकोला, सांगितलं तर ती म्हणली, "त्या बाईला सगळं शिकवताय, एवढंच तेवढं गाळताय. लाज वाटत न्हाय?" वाटत हुती. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं. शेवटी एक दिवस डोळं मिटून बोलून टाकलं, "आक्का, त्यो जुना सेल मीच ठेवला हुता आत. चूक माझी हाय."

आक्का स्प्रिंग घासत हुती. मान वर न करता म्हणली, "ठाऊक हाय. एक लाल, एक निळा. मी आंधळी हाय का?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोलले असते तर तू माफी मागून मोकळा झाला असतास. मला माफी नको हुती, मला शिकायचं हुतं. चुकलेल्या माणसाइतकं मन लावून कोण शिकवतंय?" मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् सुई तर मीच दिली हुती. तुझ्यावर कुठल्या तोंडानं वरडू?"

मी उठून उगंच पंखा पुसला.

इथवर ठीक हुतं. पण तिनं एवढ्यावर सोडलं न्हाय. ठमाबाईच्या घरी गेली तर तिच्या दिराचं बीपीचं मशीन कपाटात फुललेलं. पलीकडच्या घरात ताप मोजायचं यंत्र तसंच. भिंतीवरल्या घड्याळाचं तर इचारू नका. रिमोटात चालंना झालेला सेल घड्याळात घालायचा, घड्याळाला कमी लागतं म्हणून, ही आमच्या घराघरातली काटकसर. मेलेला सेल घड्याळात चार म्हैनं टिकटिक करतो आन् मग भिंतीवरच फुटतो. आक्कानं चार घरं बघितली आन् माझ्या दुकानात येऊन म्हणली, "लियाकत, ह्या गावात उद्या कुणाचं काय झालं तर मशीन एकाचं बी चालायचं न्हाय."

"तुमी काय करणार त्याला?"

"घरोघरी जाणार."

"लोक हसतील."

"हसू देत. दात दिसतील, त्यात माझं काय जातंय?"

आन् निघाली की! खांद्याला पिशवी, पिशवीत लिंबू, सोडा, कापूस, स्क्रू खोलायचा एक छोटा पेचकस. गल्लीत पोरं वरडायची, "सेलवाली आली!" माणसं दार लावून घ्यायची. एकानं तर म्हणलं, "आक्का, मीटर बघायला आलाय का?" ती उंबऱ्यावर बसून राहायची. दार उघडल्याबिगर हलायची न्हाय. सांगायला सुरुवातीला लई खटपट व्हायची. बॅटरी म्हणावं तर लोक टॉर्च आणून दाखवत, सेल काढा म्हणावं तर म्हणत, मग हरवतोय, ऐनयेळी शोधत कुठं बसायचं. म्हणून तिनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या, मुठीएवढ्या. दोन कप्पं, दोन सेल, एकमेकाला टेकायचं न्हाईत. पिशवी दोऱ्यानं वस्तूलाच बांधायची. आन् बायकांना सांगायची, "हे बघा, मशीन म्हणजे सेलाचं सासर. कामापुरतं तितं नांदवायचं. काम झालं की सेल माहेरी. माहेर लांब न्हाय, दोऱ्यालाच बांधलंय. सासरी कायम डांबून ठेवला तर फुटणार न्हाय तर काय करंल?"

बायका खदाखदा हसल्या. आन् ते ध्यानात राहिलं. बाजारात भाजी निवडता निवडता एकीनं दुसरीला इचारलेलं मी कानानं ऐकलंय, "सेल माहेरी धाडला का गं?" दोन वर्षांत माझ्याकडं फुटलेल्या सेलाची वस्तू येणं जवळजवळ बंद झालं. म्हणून म्हणलं, धंदा निम्म्यावर आणला बाईनं.

सगळं गाव ऐकाय लागलं. ऐकत नव्हता एकच माणूस. तिचा नवरा.

कारण आता नवी अडचण हुती. सेल माहेरी म्हणजे ऐनयेळी ते घालणार कोण? साखर उतरली की हात कापत्यात, डोळ्यापुढं अंधारी येती. म्हणून आक्कानं सेलाच्या टोकाखाली अंगावर, बोटाला लागंल असा लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका लावला, मशीनमधल्या सेलाच्या घरात तसाच ठिपका दिला, आन् रोज संध्याकाळी चहानंतर आबांना बसवायची. "अवो, घाला बघू. डोळं मिटून घाला."

आबांचा पारा चढायचा. "बत्तीस वर्षं कारखान्याची आख्खी मिल सांभाळली मी! आन् तू मला सेल घालाय शिकवतीस?"

"मिल गेली भंगारात. सेल घाला."

चार दिवसांतनं एकदा घालायचे, ते बी उलटा. मग मशीन तिच्याकडं सरकवून द्यायचे. "तू हायेस की. मला कशाला पायजे हे?" एकदा ती माझ्यादेखत भडकली. "आन् मी नसले तर? मी काय तुमच्या उशाला बांधलीया?" आबा हसले नुसते. त्या हसण्यानं ती लई घाबरायची, हे तिनं मला सांगितलं. म्हणली, "लियाकत, गावाला शिकवलं. ज्याच्यासाठी शिकले त्योच शिकंना." तरी तिनं एक संध्याकाळ सोडली न्हाय. ताप असला तरी बसवायची, पाव्हणं आलं तरी त्यांच्यासमोर बसवायची. आबा चिडचिड करत, शिव्या देत घालायचे.

आन् ह्या हिवाळ्यात ते घडलं. जळोचीच्या बायकांच्या गटानं आक्काला सेलाचं सांगायला बोलावलं. लेकीच्या गावचं बोलावणं, ती कशाला सोडती? मला म्हणली, "तू चल, दुरुस्तीचं तू दाखव." सकाळी माझ्या स्कूटरवर निघालो. आबांना सुई देऊन, जेवण झाकून, बारा वाजता जेवून फोन करायचा असं चार येळा बजावून ती निघाली. त्या दिवशी गल्ली सगळी इंदापूरला लग्नाला गेलेली. ठमाबाई सुद्धा.

जळोचीत साठ-सत्तर बायका जमल्या हुत्या. आक्का रंगात आलेली. सासर-माहेर सुरू झालं, बायका हसाय लागल्या. पण माझं ध्यान तिच्या हाताकडं. बोलता बोलता ती सारखी फोन बघत हुती. बारा वाजलं. सव्वाबारा. तिनं लावला तर आबांचा फोन बंद. साडेबारा. ठमाबाईला लावला, लग्नाच्या वाजंत्रीत कोण उचलतंय? आक्का बोलता बोलता मधीच थांबली. हातातला सेल तसाच धरून म्हणली, "बायांनो, माफ करा. माझ्या घरचं सेल माहेरी हायेत आन् घरात माणूस एकटा हाय." आन् मला म्हणली, "स्कूटर काढ."

तो रस्ता मी कधी इसरायचो न्हाय. ऊसतोडीचं दिवस, दोन-दोन ट्रॉल्यांचं ट्रॅक्टर पुढं, न्हाय सरकत न्हाय वाट देत. मी हॉर्न वाजवून वाजवून हैराण. सणसर गेलं, लासुर्णे गेलं. आक्काची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली. अंथुर्ण्याच्या पुढं ती पहिल्यांदा बोलली. "पिशवीतलं सेल नवं हायेत ना रं?"

"परवा तुमीच घातल्यात की, माझ्यासमोर."

"दोन्ही एकाच कंपनीचं?"

"दोन्ही."

शेळगाव आल्यावर म्हणली, "मी काढून ठेवलं, लियाकत. आत असतं तर नुसतं बटण दाबाय लागलं असतं. मी काढून ठेवलं." मी गाडी पळवली.

दार नुसतं लोटलेलं. आक्का चप्पल न काढता आत धावली, मागं मी.

आबा खाटंला टेकून जमिनीवर बसलेले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. साखरेचा डबा पालथा, साखर फरशीवर, मांडीवर, हनुवटीवर. मुंग्या लागलेल्या. शेजारी मशीन. आन् मशीनला बांधलेल्या पिशवीत दोन्ही सेल परत जागेवर.

"अवो!" आक्का वरडली.

आबांनी मान वर केली. जीभ जड हुती, पण माणूस शुद्धीत हुता. "वरडू नकोस. फोनची चार्जिंग संपलीया. गावाच्या सेलाकडं बघतीस, नवऱ्याचा फोन कोण बघणार?"

सकाळी मोटर चालू करायला मळ्यात गेले, तितं पाण्याच्या बारीवरनं कुणाशी वाद घालत बसले, आन् जेवायचं राहिलं. घरी येस्तवर पाय लटपटाय लागले. हे मागनं कळलं.

आक्का त्यांच्यापुढं बसली आन् मशीनमधी सेल घालाय लागली. जिनं अख्ख्या गावाला सेल घालाय शिकवलं, त्या बाईला एक सेल धड घालता येईना. झाकण बसंना.

"उलटा घातलास," आबा म्हणाले.

तिनं काढला, सुलटा घातला. बोटाला टोचलं. एकशे चौदा. मग मागचा आकडा बघायचं बटण दाबलं. काचंवर आलं, त्रेचाळीस.

"हे तुमी बघितलं?" तिनं इचारलं.

"बघितलं म्हणून तर साखर खाल्ली. न्हायतर मला वाटलं हुतं वाढलीया. सुई हातात घेतली हुती मी." त्यांनी खाटंखाली बोट दाखवलं. सुई तितं पडलेली, टोपण सुद्धा न काढलेली.

आक्कानं ती सुई उचलून फळीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणली, "मी घर सोडून जायला नको हुतं."

"गेलीस तेच बरं झालं." आबा दम खात खात बोलत हुते. "तू घरात असतीस तर मी हितंच आडवा पडून तुला हाका मारल्या असत्या. घरामागं परड्यात असतीस तर ऐकू बी आलं नसतं. न्हवतीस म्हणून उठलो मी."

तवा मातर आक्का रडली. दवाखान्यात रडली न्हाय, माझ्यापुढं कधी रडली न्हाय, ती बाई फरशीवरच्या साखरंत बसून लहान पोरीसारखी हुंदकं द्यायला लागली. आबा तिच्या पाठीवर थापटत हुते, हाताला साखर लागलेली, ती तिच्या लुगड्याला लागत हुती. मी तोंड फिरवलं, कारण माझं बी डोळं वाहाय लागलं हुतं.

थोड्या येळानं तिनं पदरानं नाक पुसलं, मशीनमधलं सेल काढून पिशवीत घातलं आन् म्हणली, "मग आता रोजच भाईर जाते."

"जा की," आबा म्हणाले. "पण आधी भाकरी टाक. सकाळपास्नं नुसत्या साखरंवर हाय मी."